आधी नवऱ्याची तपासणी

“विलायतंत नळीत पोर केलं म्हनं. आमच्या शालनला बी करा की.”

उंब्रजहून आलेल्या शालनच्या सासूबाईंनी डॉक्टरांपुढे वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. साल १९७८. मिरजेतल्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. सुट्टीच्या दिवशी सांगलीत स्त्रियांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे, त्यामुळे डॉक्टर मला जरा टरकूनच असत.

शालनचं तोवर तीनदा क्युरेटिंग झालेलं. म्हणजे भूल देऊन गर्भपिशवीचं अस्तर खरवडायचं. नवऱ्याची तपासणी एकदाही नाही. तो फौजेत नाईक, सुट्टीवर आलेला. घरच्यांनी त्याच्यासाठी मलकापूरची दुसरी मुलगी बघून ठेवली होती. सुट्टी संपायच्या आत लग्न आणि शालन कायमची माहेरी. कायदा काय म्हणतो ते गावात कोण विचारतो?

मी म्हटलं, “मावशी, त्या नळीतही नवऱ्याचं वीर्य लागतंच. जगभरचे संशोधक आधी ते तपासतात.”

“तुझं लगीन झालंय का गं?”

“नाही.”

“मग गप बस.”

नाईक हसला. “मॅडम, मी ए कॅटेगरी हाय. फौजेनं फिट म्हनून लिवलंय.”

“रायफल घेऊन पळता का, एवढंच फौज बघते. हे नाही बघत.”

मूल न होण्याचा दोष बाईत असतो तसाच पुरुषातही असतो. त्याच्या तपासणीला एक बाटली आणि एक काचपट्टी पुरते. भूल नाही, टाका नाही. तरी टेबलावर पहिल्यांदा बाईलाच झोपवायचं, ही आमची वैद्यकी!

तेव्हा शालन पहिल्यांदा बोलली. “माजं तीनदा खरवडलं. तुमचं एकदा बघू द्या की.”

त्यानं बाटली घेतली.

मायक्रोस्कोपखाली एकही शुक्रजंतू दिसला नाही. एका नमुन्यावर निकाल द्यायचा नसतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, “त्याला एकट्याला आत पाठव. पुरुषाची अब्रू असते.”

“आणि तो गप्प बसून मुंडावळ्या बांधून मोकळा झाला तर?”

“तो त्यांच्या घरचा प्रश्न.”

“तिचे रिपोर्ट तुम्ही दर वेळी सासूसमोर वाचलेत, सर. तेव्हा अब्रू कुठे होती?”

“नोकरी करायची आहे ना तुला?”

“करायची आहे. म्हणूनच विचारतेय.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग दोघांना आत बोलावलं आणि शांतपणे सगळं सांगितलं. यावर आज औषध नाही, हेही सांगितलं.

बाहेर बाकावर सासूबाई वाट बघत होत्या. “काय म्हनला डाक्टर?”

शालननं नवऱ्याकडे बघितलं.

तो आईसमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “आई, मलकापूरच्या पावन्यास्नी न्हाई म्हनून कळव.”

“का रं?”

“ती आली तरी पोर व्हनार न्हाई. खोट माज्यात हाय.”

सासूबाईंनी मशीन खोटं ठरवलं, मला शिव्या घातल्या. नाईक सुट्टी संपवून गेला. शालन उंब्रजलाच राहिली. मूल झालं नाही.

दवाखान्यात मात्र नियम झाला: नवऱ्याची तपासणी झाल्याशिवाय बायकोला टेबलावर घ्यायचं नाही. काही जोडपी चिडून दुसरीकडे गेली. जाऊ देत. विलायतेचं संशोधन इथं पोचेल तेव्हा पोचेल. नवऱ्याच्या हातात बाटली द्यायला त्याची वाट बघायची गरज नाही.