जिवंत माणसाचं नाव

कोफी आदोमाको यांनी उभं आयुष्य लंडनमध्ये बस चालवली. निवृत्त झाल्यावर टॉटनहॅममधल्या आम्हां घानावाल्यांनी त्यांना दुसरं काम दिलं. कुणाचं बारसं असो की मयताचं कार्य, पूर्वजांना दारू अर्पण करायची ती आदोमाकोंनीच. एका खांद्यावरून जाड कापड घेतलेलं, उजव्या हातात पेला. जमिनीवर थोडी थोडी ओतत ते एकेका मेलेल्याला नाव घेऊन बोलवायचे, "ये, पी, आमच्यावर लक्ष ठेव." मागून आम्ही हुंकार भरायचा. चर्चवाले नाकं मुरडतात, पण असतात सगळे हजर.

त्या शनिवारी हॉलमध्ये मेलेल्यांची नावं ओळीनं घेता घेता ते म्हणाले, "फ्रिम्पोंग, ये, पी."

हुंकार कुणीच भरला नाही. कारण फ्रिम्पोंग पहिल्याच रांगेत बसला होता, धडधाकट. तो आदोमाकोंच्या बहिणीचा मुलगा. जिवंत माणसाला असं बोलावणं म्हणजे त्याला पलीकडे धाडणं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आदोमाको मात्र पेला रिकामा करून शांतपणे खुर्चीत बसले आणि जेवण कधी आहे ते विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी फ्रिम्पोंग त्यांच्या घरी थडकला. मी शेजारची, निवृत्त शिक्षिका, तिथेच होते.

"मामी, काय खाऊ घालता तुम्ही त्यांना?" तो दारातूनच आदोमाकोंच्या बायकोवर, सेरवावर, ओरडला.

"तुझ्याच बायकोनं पाठवलेलं सूप खातात," सेरवा म्हणाली. "तिलाच विचार."

"मामानं माझा जीव मेलेल्यांच्या हाती दिलाय. कुणीतरी करणी केलीय त्यांच्यावर."

मला राहवेना. "करणीबिरणी काही नाही. मेंदूचा आजार आहे हा. डिमेन्शिया म्हणतात."

"आपल्या भाषेत शब्द आहे का त्याला, टीचर? ज्याला शब्दच नाही तो आजार कसला?"

"आपल्या भाषेत फ्रीजला तरी कुठे शब्द आहे? तुझ्या घरी दोन आहेत."

हे तोऱ्यात बोलले खरी, पण माझाही गोंधळ होताच. गॅस बंद करायला विसरणारा, मला आपली बहीण समजणारा हा माणूस सात पिढ्यांची नावं न अडखळता म्हणतो. मग नेमकं काय गेलं आणि काय राहिलं? कॉलेजात शिकलेलं इथे उपयोगी पडत नव्हतं. डॉक्टरचं नाव काढलं की आदोमाको खेकसायचे, "मी वेडा आहे का?"

फ्रिम्पोंगचा निर्णय झाला होता. मामांना मायदेशी, गावाजवळच्या प्रार्थनेच्या मठात पाठवायचं. तिथे असल्या माणसांना साखळीनं झाडाला बांधून ठेवतात, हे सेरवानं डोळ्यांनी पाहिलेलं. पण आमच्यात माणूस त्याच्या आईच्या घराचा. बहिणीचा मुलगा म्हणेल ते खरं. बायकोनं संसार कितीही केला तरी ती परक्या घरची. सेरवा हातापाया पडली तेव्हा कुठे त्यानं एक अट घातली. मामांनी पुन्हा दारू अर्पण करून त्याचं नाव परत मागून घ्यायचं. जमलं तर मामा इथेच राहतील.

आठवडाभर सेरवानं नवऱ्याकडून घोकून घेतलं, "फ्रिम्पोंग जिवंत आहे, त्याला सोडा." ते अगदी बरोबर म्हणायचे. मग विचारायचे, "पण हा फ्रिम्पोंग कोण?"

रविवारी फ्रिम्पोंग आला. नेहमीच्या सुटाबुटात नाही, तर खांद्यावरून कापड घेऊन. आदोमाकोंच्या हातात पेला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पेला टेबलावर ठेवला, पायातल्या सपाता काढल्या आणि खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत खाली घेतलं. थोरांसमोर करतात तसं.

"मामा," ते पोराच्या आवाजात म्हणाले, "मी शाळा बुडवली नाही. नदीवर होती ती दुसरी मुलं."

फ्रिम्पोंग एक पाऊल मागे सरला. "हे कुणाशी बोलताहेत?"

"ह्यांना वाढवणाऱ्या, कधीच वारलेल्या मामाशी," सेरवा कुजबुजली. "तू त्यांच्यासारखाच दिसतोस. तुझी आईही म्हणायची."

"मी बोलावलं आणि तुम्ही आलात," आदोमाको म्हणाले. "मला वाटलं, रागावून येणार नाही."

म्हणजे त्या शनिवारी त्यांनी बोलावलं होतं तरी कुणाला? पहिल्या रांगेतल्या चेहऱ्याला की त्या चेहऱ्याच्या जुन्या धन्याला? अजून मला उलगडलेलं नाही.

सेरवानं मात्र वेळ दवडला नाही. तिनं फ्रिम्पोंगला कोपरानं ढोसलं. "सांग त्यांना, डॉक्टरकडे जायचं म्हणून. माझं ऐकत नाहीत."

फ्रिम्पोंगनं घसा खाकरला. "कोफी, उद्या डॉक्टरकडे जायचं."

"हो मामा."

बाहेर जिन्यात फ्रिम्पोंगनं मला गाठलं. त्याचे डोळे चमकत होते. "आता समजलं, टीचर. करणी नाहीच ही. थोरले मामा माझ्यात आलेत. त्यांनीच वाढवलेलं पोर मी मठात कसं टाकू?"

"अरे बाबा, हा आजार—" मी सुरुवात केली. मागून सेरवानं माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. मी गप्प बसले. मला ते मुळीच जमत नाही, पण बसले.

डॉक्टर तरुण होती, मृदू बोलणारी. तिनं फ्रिम्पोंगला विचारलं, "आपण यांचे कोण?"

"मामा," तो ठामपणे म्हणाला.

आदोमाकोंनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. डॉक्टरनं पन्नाशीच्या मामाकडे पाहिलं, ऐंशीच्या भाच्याकडे पाहिलं, मग ती चेहरा सावरत माझ्याकडे वळली. "यांच्यातले पेशंट नेमके कोण?"

मी आदोमाकोंकडे बोट दाखवलं, पण चटकन नाही.