मामांच्या रुपयाचा फोटो

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, आजवर माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे एका रुपयाचा फोटो. (रुपया त्यांचाच होता. माझ्याकडून पैशाची अपेक्षा त्यांनी लग्नाच्या मांडवातच सोडली होती!)

रुपया निजामाच्या काळातला, चांदीचा. मधोमध चारमिनार, आणि चारमिनारच्या कमानीत काहीतरी इवलंसं, पाय पोटाशी घेऊन बसल्यासारखं. मामांच्या आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात तो असायचा. लहानपणी मामांना अंधाराची भीती वाटे. मग आई तो रुपया त्यांच्या मुठीत द्यायची आणि म्हणायची, “कमानीत राखणदार बसलाय बग. त्यो जागा हाय. तू झोप.”

आता मामांच्या डोळ्यांचा पडदा अधू झालाय. मोठं तेवढं धूसर दिसतं, बारीक काहीच नाही. एकदा ते तेलगावहून आमच्याकडे वडवणीला आले, रुपया माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “जावईबापू, राखणदार दिसंना झालाय. दारायेवडा मोटा फोटो काडून द्या. नजर हाय तवर एकदा बगून घेतो.”

मी पार विरघळलो. खरंच विरघळलो. आणि विरघळलो की माझी जीभ सैल सुटते! मी म्हणालो, “त्यात काय एवढं! येत्या गुरुवारी तयार ठेवतो.”

आता खरं सांगायचं तर तो राखणदार नव्हताच. ते उर्दूतलं एक अक्षर, निजामाच्या नावातलं पहिलं. ही माहिती मी मोठ्या ऐटीत बायकोला, सुनंदाला सांगितली. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, “हे आबांना सांगितलंत तर आठवडाभर सैपाक तुमी करायचा.” मग राखणदार राखणदारच राहिला.

सुरुवात मोबाईलने केली. जवळ नेला की रुपयावर मोबाईलचीच सावली, लांब नेला की चारमिनार मुंगीएवढा. फ्लॅश मारला तर ताटलीत पौर्णिमेचा चंद्र! शेवटी बाजारातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला गाठलं. त्याने रुपया उलटापालटा केला. “सर, नवरी आसती तर म्हनलो आसतो, मान जरा वाकडी करा, हसा. ह्याला काय म्हनू?”

तरी मी निघताना त्याने आपला जुना कॅमेरा, जवळचं टिपणारं एक भिंग आणि दोन उंच दिवे रोख पैसे घेऊन माझ्या गळ्यात मारले. स्टेजवर नवरानवरीला घाम फोडतात ना, तेच दिवे!

“हे आता कावून आनलं?” सुनंदाने विचारलं.

“चांदीला उजेड लागतो.”

“आपल्या लगनात तरी येवडा उजेड व्हता का?”

त्या दिव्यांत रुपया असा काही झळाळला, की फोटोत नुसतं पांढरं भगभगीत वर्तुळ. मग कुठेतरी वाचलं, उजेड मऊ हवा, दिव्यापुढे पांढरं कापड धरावं. मी धोतर धरलं. उजेड मऊ झाला, पण रुपया सपाट दिसायला लागला, पापडासारखा. मग वाचलं, नाणं किंचित तिरकं ठेवावं. तिरकं राहणार कसं? मी मूठभर तांदूळ पसरले आणि त्यात रुपया टेकवून उभा केला.

एकूण मांडणी अशी झाली. बाहेरच्या खोलीत मधोमध पाट. पाटावर पांढरं वस्त्र. वस्त्रावर तांदूळ, तांदळावर चांदीचा रुपया, दोन्ही बाजूंना दिवे. मला त्यात स्टुडिओ दिसत होता. (देवाशपथ सांगतो, दुसरं काहीच दिसत नव्हतं!)

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला गुरुवार. सुनंदाने आतल्या खोलीत महालक्ष्मीचा घट मांडला होता आणि गल्लीतल्या बायकांना उन्हं कलल्यावर हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिची आत्याही खास दिंद्रुडहून येणार होती. मी बाहेरच्या खोलीचं दार लोटून घेतलं, दिवे लावले आणि पाटासमोर मांडी घातली. बाहेर थंडी, आत दिव्यांची ऊब, त्यात नुकताच जेवलेलो. त्या मऊ उजेडात रुपया हळूहळू तरंगतोय असं वाटायला लागलं. चारमिनार मोठा होत गेला. त्याच्या कमानीतून वारा आला.

मी कमानीखाली उभा होतो, तांदळाच्या दाण्याएवढा. आत राखणदार बसलेला, गुडघ्यावर हनुवटी टेकून. कुठेतरी पारवे घुमत होते, किती तरी पारवे. राखणदार म्हणाला, “फोटो काढायचाय? मग आधी ते दिवे मालव.” मी हो म्हणालो. मग आभाळातून पांढरा पाऊस पडायला लागला, अगदी हलका, कोरडा. इतकं छान वाटत होतं की मी तोंड वर करून तसाच उभा राहिलो. कपाळाला गार काहीतरी लागलं.

“उटा जावई, पूजा झाली!”

डोळे उघडले तर समोर दिंद्रुडच्या आत्याबाई! त्यांच्यामागे अख्खी गल्ली. दार सताड उघडं, दिवे कुणीतरी मालवलेले. माझ्या कपाळावर टिळा, डोक्यात अक्षता आणि मांडीवर केळं. आणि रुपया? रुपयावर हळद, हळदीवर कुंकू, भोवती झेंडूची फुलं!

“आत्याबाई, अहो हा स्टुडिओ आहे!”

“आसू द्या की. कंच्या का देवाचा आसंना.”

आतून सुनंदा आली. “मी तिकडं घट मांडून वाट बगतीया, अन् तुमी समद्याजनी हितं?” मग तिची नजर माझ्यावर गेली. ती जी हसत सुटली, ती खाली बसली. बसल्या बसल्याच तिने मोबाईल काढला आणि माझे, पाटाचे, रुपयाचे पटापट फोटो घेतले. (माहेरच्या ग्रुपवर पाठवायला, दुसरं काय!)

मी फडकं शोधत होतो तोच दारात काठी वाजली. मामा!

“झाला का फोटो, जावईबापू?”

मी टिळ्यासकट उभा. थाप मारायला तोंड उघडलं, पण त्यांचे डोळे बघून थाप घशातच राहिली.

“नाही जमलं, मामा. लई प्रयत्न केला. नाही जमलं.”

“न्हाई तर न्हाई,” मामा म्हणाले. मग काठी भिंतीला टेकवली. “बारीकच हाय ते. कुनाला बी अवगड.”

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या समजूतदारपणाने मात्र मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

“आबा, हिकडं या,” सुनंदा म्हणाली. तिने मोबाईल टीव्हीला जोडला होता. पडद्यावर आधी मी आलो, तोंड उघडं टाकून झोपलेला. बायका फिदीफिदी हसल्या. तिने बोट फिरवलं आणि टीव्हीभर रुपया आला. उघड्या दारातून कलतं ऊन एका बाजूने त्यावर पडलं होतं, मिनारांची एकेक रेघ उठून दिसत होती. आणि कमानीत, नेमकं त्या अक्षराच्या माथ्यावर, आत्याबाईंचं कुंकू अडकलं होतं.

मामा टीव्हीला नाक लागेल इतके जवळ गेले. त्यांचं बोट मिनारावरून खाली आलं आणि थांबलं.

“बसलाय,” ते म्हणाले. “आगं, बसलाय की! अन् आता लाल फेटा बांदलाय त्यानं.”

आत्याबाईंनी टीव्हीलाच हात जोडले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी दिव्यांच्या उष्णतेवर ढकललं. (दिवे केव्हाच बंद केले होते.)

“कुनी काडला?” मामांनी विचारलं.

“मी,” सुनंदा म्हणाली.

“तरीच म्हनलं!”

मग त्यांनी माझे दिवे चाचपले. “ह्ये हुबे बांबू कशाला?”

“उजेडाला, मामा.”

“आवं, राखणदाराच्या तोंडावर कुनी बॅटरी मारतं का? डोळं मिटून घेनारच की त्यो! द्या हिकडं, गोट्यात लावतो.”

बीडला जाऊन आम्ही तो फोटो दाराएवढा करून आणला. तेलगावला मामांच्या खाटेसमोर तो टांगलाय. तो टांगायला गेलो तेव्हा मामा मला गोठ्यात घेऊन गेले. तिथे माझे दिवे लागलेले, त्यांखाली त्यांची म्हैस रवंथ करत उभी. “तुमचा कॅमेरा कायतरी कामाला येऊ द्या,” ते म्हणाले. मी फोटो काढला. म्हैस काळीभोर, ना चकाकणं, ना सपाट दिसणं. पहिल्याच झटक्यात असा फोटो आला की अंगावरचा केस न् केस मोजावा!

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं, आणि तेही गावभर. परवा तेलगावच्या स्टँडवर एका अनोळखी माणसाने मला अडवलं. “मशीचे फोटोवाले जावई तुमीच का?”

मी इकडेतिकडे बघितलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि विचारलं, “तुमची म्हैस स्वभावाने कशी आहे?”