मागच्या सीटवरची घोंगडी

गालसान आमच्या उलानबातरचा टॅक्सीवाला. त्याच्या हायब्रिड गाडीत मागच्या सीटजवळ एक जाळी होती. तिथून हवा जाऊन मोठी बॅटरी थंड राहते. ह्या पठ्ठ्याने नेमकी तिच्यावरच आईच्या हातची लोकरीची घोंगडी पसरलेली!

माझ्या गॅरेजात मी त्याला झापलं, "जाळी मोकळी ठेव. लोकर आत ओढली जाऊन पंखा तुंबेल."

तो हसला. "दादा, बाहेर उणे चाळीस! इंजिनाला आपण गोधडी पांघरवतो, आणि बॅटरीला गार करू?"

"इंजिन गारठतं, गाढवा! बॅटरी तुझ्या हीटरच्या उबेत शिजते."

ऐकेल तर शपथ.

जानेवारीत आईला गावी नेताना बॅटरी तापली आणि गाडी भर माळावर बंद पडली. बॅटरीशिवाय ह्या गाडीचं इंजिनच सुरू होत नाही, मग हीटर कुठला? घोडेवाल्यांना दोघं सापडली तेव्हा घोंगडी आईभोवती गुंडाळलेली होती. तरी वाचला तो एकटाच.

थंडी सरल्यावर मी पंखा उघडला. आत लोकरीचा काळा बोळा. शिव्या अगदी ओठांवर आल्या होत्या.

"फेकू नकोस, दादा," तो म्हणाला. "घोंगडी तिच्याबरोबर पुरली. एवढीच उरलीय."