ओठ वाचणारे दाजी

काचेच्या पलीकडे दाजी होते आणि अलीकडे मी. गळ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, आवाज तेव्हाच गेला होता. आता तर आतही कुणाला सोडत नव्हते. दुपारच्या वेळी नर्स पाच मिनिटं पडदा सरकवायची, तेवढंच दर्शन. त्या दिवशी त्यांनी मला बघितलं, मान जराशी उचलली आणि ओठ हलवले. इतर कुणाला ती नुसती धाप वाटली असती. मला लख्ख कळलं. मी सतरा वर्षं त्यांच्या शेजारच्या लूमवर, कापड विणायच्या यंत्रावर, उभा होतो, त्यांच्या ओठांवरचं मला कळणार नाही तर कुणाला कळणार? ते म्हणाले, 'सुमनबाईला सांग.' आणि मी काय केलं? मी उजवा पंजा कानाजवळ नेऊन दोनदा फिरवला. आमच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, ह्या खुणेचा अर्थ, आवाज फार आहे, कळलं नाही. त्या वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दाजींनी माझ्याकडे बघितलं… थोडं हसल्यासारखं केलं आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ह्या गोष्टीला आता पाच आठवडे होतील.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, धुडकू नाव. सुरतेत उधना, लिंबायत, बमरोली ह्या बाजूला त्यांना त्या नावानं कुणीच ओळखत नव्हतं. तिकडे ते 'प्रोफेसर डी. कुमार'. शिक्षण सातवी नापास, पण काळा कोट चढवला की माणूस खरंच प्रोफेसर दिसायचा. अमळनेराकडून अक्काशी लग्न करून आले आणि मागोमाग मलाही लूमवर घेऊन आले. आठवडाभर खात्यात बारा-बारा तास आणि सुटीच्या दिवशी जादूचे प्रयोग. गणपतीत दहाही दिवस बुकिंग, दसऱ्याला चलथाणच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत, विश्वकर्मा पूजेला सचिन गावातल्या एखाद्या कारखान्यात. टोपीतून कबूतर, रिकाम्या नळीतून रुमाल, अक्काला पेटीत बसवून तलवारी खुपसणं. अक्का त्या पेटीत बसून मेथी निवडायची, खोटं सांगत नाही. एकदा तलवारी काढल्यावर ती हातात निवडलेली जुडी घेऊनच बाहेर आली आणि लोकांनी त्यालाच सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या.

मग घरोघरी केबल आली. लोकांनी टीव्हीवर परदेशी जादूगार बघितले, विमानं गायब करणारे. चौकात खेळण्यांच्या दुकानात जादूचे डबे मिळायला लागले. पहिल्या रांगेत बसलेली पोरं आमचा रुमाल खोट्या अंगठ्यातून निघायच्या आधीच ओरडायची, "अंगठ्यात छे, अंगठ्यात!" दाजींचा चेहरा उतरायचा. त्याच सुमारास ते मनातलं ओळखायचं खूळ आलं. बडोद्याहून, मुंबईहून बोर्ड यायला लागले, 'माइंड रीडर', 'मेंटॅलिस्ट'. आमच्या ओळखीतल्या एकानं बाई कापायची पेटी मोडीत काढली आणि तुम्ही सकाळी काय खाल्लं ते सांगायला लागला. ना सामान, ना टेम्पो, ना कबुतरांना दाणापाणी. मंडळाचे लोक बुकिंगला आले की पहिला प्रश्न तोच. एका शेठनं तर तोंडावर सांगितलं, "प्रोफेसर, आ कबूतर-बबूतर रहेवा दो. मनमां शुं छे ते कहो तो वात करो." महिना गेला. एके दिवशी खात्यात, चोवीस लूमांच्या धडधडाटात, ते माझ्याकडे वळून ओठांनी म्हणाले, 'मेव्हणे, आपण मूर्ख आहोत.' मी ओठांनी विचारलं, 'का हो?' ते म्हणाले, 'अरे, हेच तर आहे ना ते!'

ज्यानं लूमचं खातं आतून बघितलेलं नाही त्याला सांगतो. तिथे शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून वर्षा-दोन वर्षांत प्रत्येकजण ओठ वाचायला शिकतो, न शिकवता. धागा तुटला, मास्टर येतोय, चहा सांग, तुझ्या बायकोचं बाळंतपण झालं का… सगळं ओठांवर आणि चार बोटांच्या खुणांवर. सात-आठ लूम पलीकडच्या माणसाशी भांडणसुद्धा करता येतं. आणि हे आम्हाला एवढं अंगवळणी पडलेलं, की ही काही विद्या आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते दाजींच्या डोक्यात आलं.

प्रयोग असा असायचा. दाजी स्टेजवर, हात मागे बांधून. म्हणायचे, "मनात एक गोष्ट धरा. आणि नंतर मी खोटं बोललो असं व्हायला नको म्हणून शेजारच्याच्या कानात सांगून ठेवा, तो साक्षीदार." लोक कानात सांगायचे आणि दाजी स्टेजवरून ओठ वाचायचे. कुणी तोंडावर हात धरला, तर मी आधीच जवळपास जाऊन उभा असायचो, आणि बोटांनी कळवायचो. बस्स, एवढंच. समोर बसलेले सगळे लूमवाले! दिवसभर स्वतः तेच करणारे! आणि एकालाही संशय नाही. आम्ही घरी येऊन हसून हसून लोळायचो. अक्का म्हणायची, "हसा, एक दिवस कुणीतरी चप्पल काढेल." दाजींची तारीख मिळेना इतकं नाव झालं. पण पहिल्या गणपतीनंतर ते मला म्हणाले, "कबूतर काढलं की लोक हसतात रे. त्यांना माहीत असतं की खोटं आहे. हे ओळखलं की कुणी हसत नाही. बघितलंस का, पाया पडायला येतात." मी म्हटलं, "मग पडू द्या की!" माझा स्वभाव असाच, पुढचं बघायचं नाही.

प्लेगच्या साली सुरत कशी रिकामी झाली ते वाचकांना आठवत असेल. मिळेल त्या गाडीनं लोक गावाकडे पळाले. बमरोलीतल्या एकनाथनं बायको आणि दोन मुलींना ट्रकमध्ये बसवून दिलं आणि म्हणाला, खोलीला कुलूप लावून उद्या येतो. ही सुमनबाई त्याची बायको. तो उद्या आलाच नाही. महिन्यानं ती परत आली तर खोलीला कुलूप लावलेलं, आणि माणूस नाही. दवाखान्यांत नाव नाही, पोलिसांत नाव नाही, गावाला पोचला नाही. पुढच्या वर्षी बमरोलीच्या गणपतीत आमचा प्रयोग होता. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत एक बाई उठली, मोठं कुंकू लावलेली. शेजारणीकडे वळून ती हळूच बोलली. तोंडावर हात नाही, पदर नाही, चेहरा स्टेजकडे अर्धा वळलेला. मलाही दिसलं. 'मना माणूस जित्ता शे का?'

दाजींनी नेहमीसारखा नुसता प्रश्न सांगायला हवा होता. तेवढंच आमचं काम. पण ते भर मंडपात म्हणाले, "बाई, तुम्ही विचारलंत, तुमचा माणूस जिवंत आहे का. आहे. येईल." मंडप नुसता दणाणला. बायका रडायला लागल्या. घरी येताना टेम्पोत मी विचारलं, "दाजी, हे काय केलंत?" ते म्हणाले, "तिच्या तोंडाकडे बघून दुसरं काही आलंच नाही रे."

दोन वर्षांनी सुमनबाईचा भाऊ आमच्या दारात उभा राहिला. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईचा पाट लावतात, त्यात काही कमीपणा मानत नाहीत. सचिनला एक बिजवर होता, कामाचा माणूस, स्वतःची खोली, मुलींना सांभाळायला तयार. सासरच्यांनीही मान हलवली होती. पण बाई ऐकायला तयार नाही. "प्रोफेसरांनी सांगितलंय म्हणते," तो भाऊ म्हणाला, "चारशे माणसांसमोर सांगितलंय. तुम्ही देव आहात का हो? आमच्या बहिणीचं आयुष्य बसवून ठेवलंत." दाजींनी त्याला पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. तो गेल्यावर दाजींनी खुंटीवरचा शर्ट काढला, अंगात घातला आणि चपला शोधायला लागले. कुठे, म्हटलं. "बमरोलीला. तिला सांगतो की मी ओठ वाचतो. बाकी काही येत नाही मला." मी दारात आडवा झालो. म्हटलं, "दाजी, एका बाईला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या पांडेसऱ्याला कळेल. दहा मंडळांना शब्द दिलाय. आणि त्या बिचारीकडे आहे काय दुसरं? तेवढीच आशा आहे, ती कशाला काढून घेता?" ही दुसरी गोष्ट मी नुसती जोडून दिली होती. मला तारखांची पडली होती आणि आपली फजिती व्हायची भीती होती. आज पेपरात लिहितोय तर खरं लिहितो. दाजींनी शर्ट काढून परत खुंटीला लावला.

पुन्हा त्यांनी कुणाला उत्तर दिलं नाही. प्रश्न तेवढा ओळखायचे आणि हात जोडायचे. लोक चिडायचे, "पुढचं सांगा की!" दाजी म्हणायचे, "पुढचं मला दिसत नाही." दुसरे मनकवडे नोकरी, लग्न, पोरगा, सगळं सांगत होते. मंडळं तिकडे वळली. दाजी मात्र गप्प गप्प होत गेले. तंबाखू वाढली, मग गळ्याला गाठ, मग दवाखाना. बाजारात कुठे सुमनबाई दिसली, तर हा माणूस रस्ता बदलायचा. मोठं कुंकू, हातभर बांगड्या, दोन मुली मागे. मी ते बघायचो आणि दुसरा विषय काढायचो.

दहावा झाल्यावर दोन दिवसांनी ती अक्काला भेटायला आली. दुपारची वेळ. अक्काच्या गळ्यात पडून रडली, चहा नको म्हणाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला निघालो. वाटेत मनाशी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. काचेपलीकडचे ते ओठ डोळ्यांसमोरून हलत नव्हते. रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. ओठ वाचणं, बोटांच्या खुणा, तो मंडप, 'जिवंत आहे' हे दाजींनी स्वतःच्या पदरचं जोडलेलं. म्हटलं, "वहिनी, त्यांना यायचं होतं. मी अडवलं. ह्यात माझाच दोष आहे."

ती पदरानं तोंड पुसत ऐकत होती. म्हणाली, "भाऊ, माले समदं माहीत व्हतं."

कसं, म्हटलं. तिनं मग सांगितलं. लग्न झाल्यापासून ती खात्यात बॉबिन, म्हणजे दोऱ्याच्या कांड्या, भरते. भिंतीशी बसून. "तुम्ही बाप्या माणसं आमच्यासमोर दिवसभर ओठांनी काय काय बोलता, आम्हाला काय कळत नाही वाटतं तुम्हाला?" एवढ्या दुःखात मला शरम वाटली. सतरा वर्षं! बॉबिनवर बसलेल्या बायकांकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. ती पुढे म्हणाली, की प्रोफेसर कसं ओळखतात ते पहिल्या प्रयोगाला पाच मिनिटांत समजलं होतं. म्हणून मुद्दाम तोंड उघडं ठेवून, त्यांना दिसेल असं विचारलं. "एवढ्या लोकांपुढे 'मेला' म्हणायची कुणाची छाती होणार? आणि ते 'जिवंत आहे' म्हणाले नसते, तर दुसरं कुणी म्हटलं असतं का, भाऊ? सासरचे माझ्या बांगड्या फोडायला निघाले होते. मग पाटाचं काढलं. मला पाट नको होता. मला ह्या दोघींना घेऊन सुरतेत माझ्या खोलीत राहायचं होतं. प्रोफेसरांच्या त्या एका शब्दावर राहिले मी."

मी विचारलं, "मग त्यांना एकदा सांगायचं तरी!" ती म्हणाली, "मी दोनदा निघाले होते. पण त्यांना वाटलं असतं, आपलं बिंग फुटलं. त्यांची भाकरी होती त्यात. ते मला बघून रस्ता बदलायचे… मला वाटायचं, ओळख द्यायची नाही त्यांना." मग कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून म्हणाली, "मुलींचे वडील येणार नाहीत हे मला तेव्हाच माहीत होतं. पण कुंकू तर माझं आहे ना." रिक्षा आली, ती गेली. मी तिथेच फुटपाथवर बसलो. त्या दिवशी मी दारात आडवा झालो नसतो, तर दाजी बमरोलीला गेले असते, तिनं हसून हात जोडले असते, आणि हा माणूस हलका होऊन घरी आला असता. त्यानंतरची त्यांची तीन वर्षं मी घेतली. दुसऱ्या कुणी नाही.

अक्कानं काळा कोट ट्रंकेत ठेवलाय, कबुतरं लिंबायतच्या एकाला दिली. मी परत कामावर लागलोय, त्याच लूमवर. शेजारच्या लूमवर, दाजींच्या जागी, ओरिसातल्या गंजामकडचा एक नवा माणूस उभा असतो. परवा धडधडाटात सवयीनं मान तिकडे वळली आणि माझे ओठ आपसूक हलले, 'दाजी, तिला माहीत होतं.' त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. महिनाभरच झालाय त्याला, अजून ओठ वाचता येत नाहीत. त्यानं उजवा पंजा कानाजवळ नेला आणि दोनदा फिरवला.