तिकडची बातमी

आमच्या घरी त्या देशाचं नाव कोणी घेत नाही. ‘तिकडं’ म्हणतात. तिकडं आज काय झालं, तिकडं थंडी आहे का. माझी बायको तिकडं एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहून तिची देखभाल करते. नर्सिंग शिकलेली, चांगलं काम मिळालं म्हणून गेली, आणि मागून युद्ध सुरू झालं.

इकडं कमलनगरात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. घरात मी, अप्पा म्हणजे माझे वडील, आणि टीव्ही. पूर्वी त्यावर कुस्त्या नि हवामान लागायचं. आता सकाळी मराठी बातम्या, दुपारी जेवताना कन्नड, आणि दिवेलागणीला दुकानाशेजारचे शिंपीचाचा मोबाइलवर उर्दू बातम्या लावून बसलेले, त्यांच्या बाकड्यावर अप्पा. तिन्ही भाषा समजतात ही आम्हा मराठी-कानडी सीमेवरच्या लोकांची मिरवायची गोष्ट. उदगीरचे पाहुणे आले की अप्पा फोनवर मुद्दाम मोठ्यानं कन्नड बोलतात. पण ह्याच शहाणपणानं आमचा घात केला. एकच क्षेपणास्त्र सकाळी मराठीत पडायचं, दुपारी कन्नडमध्ये आणि संध्याकाळी उर्दूत. अप्पा प्रत्येक वेळी ते नवं धरायचे.

“आज तीन पडले की गं!” ते सुनेला फोनवर सांगत.

“मामा, एकच पडला. त्योबी लांब, डोंगराकडं.”

फोन ठेवला की अप्पा माझ्याकडं बघत. “लपवायलीय पोरगी.”

मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग खरं तर टीव्हीवरच्या चर्चेवाल्यांचा. कडक इस्त्रीचे जाणकार नकाशावर बाण सरकवत बसायचे. मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं: विमानं कधी सुटणार? तिची सुट्टी मंजूर झाली होती, येळवसेला ती घरी यायची होती, आणि नेमका तिकडचा विमानतळ बंद झाला. बाण उत्तरेला गेला, दक्षिणेला गेला, माझ्या कामाचं कोणी बोलेना. तरी रोज शेवटपर्यंत ऐकायचो, न जाणो जाता जाता कोणी म्हणेल.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं दुकानं बंद, गाव ओस आणि सगळी माणसं शेतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करायची, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली ताकाची आंबील. रस्त्यानं चाललेल्या परक्या माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी आपल्या शिवारातून कोणी उपाशी पुढं जाता कामा नये. आमच्या घरची आंबील तीच करायची, आणि मडक्याला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही.

रोज फोनवर ती युद्धाचं अवाक्षर काढत नसे. हरभऱ्याला घाटे धरले का, करडईवर मावा पडला का, दुकानापुढची कुत्री व्याली का. एकदा मी वैतागलो. म्हटलं, “अगं, तिकडं काय चाललंय ते आधी सांग.”

“तिकडचं तुमाला टीव्ही सांगायलाय की दिवसभर. माझ्या शिवाराचं मला कोण सांगावं?”

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडायच्या आधी शेतात जाऊन फोनवर तिला बांधन् बांध दाखवू लागलो. ती “जरा हळू चाला” म्हणायची. मी हळू चालायचो.

विमानं सुटली नाहीत. येळवस मात्र आली. आंबील मी केली, फोनवरून तिच्या शिव्या खात. शिंपीचाचा दरवर्षीसारखे आले. पूजा झाल्यावर तिला व्हिडिओ कॉल लावला. अप्पा “ओलगे ओलगे सालम पोलगे” हा येळवसेचा घोष करत पिकाभोवती आंबील शिंपडत निघाले, मी फोन धरून मागं. तीही तिकडून तेच पुटपुटत होती. आमचा फेरा पुरा व्हायच्या आत तिच्याकडचा भोंगा वाजला.

“आजीला तळघरात न्यायचंय,” एवढं म्हणून ती उठली. फोन तिथंच टेबलावर राहिला. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं.

अप्पा जागीच थांबले. चाचांनी बातम्या लावायला खिशातून मोबाइल काढला, तर अप्पांनी त्यांचं मनगट धरलं.

“नको. तिच्याच तोंडून ऐकायचं मला.”

“हौ अण्णा,” म्हणून चाचांनी मोबाइल परत ठेवला.

पानं वाढलेली होती, कोणी हात लावला नाही. मी त्या छताकडं बघत राहिलो. मला ती हवी होती. बातमीत सुखरूप असलेली नको, इथं कोपीत, आंबिलीत मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर डाफरणारी हवी होती.

बऱ्याच वेळानं छत हललं आणि तिचा चेहरा आला. केस विस्कटलेले, धाप लागलेली. अप्पांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. मला वाटलं, आता विचारणार, किती पडले.

“जेवलीस का गं?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई मामा. तुमी?”

“तुला बघितल्याबिगर कसं जेवावं?”

ती हसली, आणि मग तिला रडू आलं. डोळे पुसून म्हणाली, “बसा आता. जेवा. मी बघत बसते.”

फोन कोपीच्या मेढीला टेकवून ठेवला आणि त्याच्यापुढं तिचं पान वाढलं. आम्ही तिघं जेवायला बसलो. वाटेवरच्या परक्यालाही ज्या दिवशी आम्ही उपाशी जाऊ देत नाही, त्या दिवशी आमच्या घरची लक्ष्मी उपाशी बसून आम्हाला जेवताना बघत होती.