वदीअ गत्तास यांची चतुःसीमा

नाव: वदीअ गत्तास. मुक्काम: मल्लवीजवळचं गाव, जिल्हा मिन्या. व्यवसाय: गुऱ्हाळ, काकवी उकळणे व विकणे. धर्म: कॉप्टिक ख्रिस्ती, उपास पाळणारे. घराची चतुःसीमा: पूर्वेस ऊस, पश्चिमेस कालवा, उत्तरेस गुऱ्हाळ, दक्षिणेस काही नाही. सख्खी भावंडे: निरंक.

शेवटची नोंद खरी नव्हती. धाकटा भाऊ सिधोम जिवंत होता, पण वडिलांची तांब्याची काहील त्याने न विचारता विकली, त्या दिवसापासून वदीअच्या तोंडी त्याचं नाव नव्हतं.

आता गोष्ट गळ्याशी आली होती. सिधोमच्या मुलीचं, फीबीचं, लग्न रविवारी होतं. सोमवारपासून मोठा उपास. मग ईस्टर होईपर्यंत कुणाच्या डोक्यावर लग्नाचा मुकुट चढत नाही, आणि नवरामुलगा त्याआधीच कुवेतला निघणार होता. मुलाकडच्यांनी कळवलं होतं की मुलीचा थोरला काका दारात घ्यायला उभा असेल तरच येऊ. ज्या घरात भाऊ भावाकडे जात नाही, त्या घराशी सोयरीक नको. सिधोम बोलवायला जात नव्हता, वदीअ बोलावल्याशिवाय जात नव्हता, आणि फीबीने रडणं थांबवलं होतं आणि आता कामाला हात लावणंच बंद केलं होतं.

गुरुवारी उम्म लबीबच्या घरी बायबल वाचायला सगळे जमत. म्हातारी सकाळीच पेन्सिलीने उताऱ्याचे तुकडे पाडून ठेवी. दारापासून वाचन सुरू व्हायचं, खुर्चीमागून खुर्ची. वाचणाऱ्याने आपल्या तुकड्यातून स्वतःपुरता धडा सांगायचा. दुसऱ्याला लागू होणारा धडा त्या घरात चालत नसे. वदीअला हा नियम जाचायचा. दुसऱ्याला लागू होणारे धडे त्याच्याकडे ढीगभर होते.

त्या गुरुवारी सकाळी तो काकवीची बरणी द्यायला म्हणून गेला आणि पेन्सिलीच्या खुणा बघून आला. याकोब आणि एसाव. रोजच्या खुर्चीवर बसला असता तर त्याच्या वाट्याला नेमकी ती जागा येत होती: फसवला गेलेला थोरला भाऊ एसाव धावत जातो, धाकट्याच्या गळ्यात पडतो, दोघं रडतात. अलीकडच्या खुर्चीच्या तुकड्यात याकोब बायकापोरांना रांगेत उभं करतो. रांग लावण्यात कुणाचं काय जातं?

"तहानीबाई, तुम्ही इकडे बसा," संध्याकाळी तो शाळेच्या बाईंना म्हणाला. "तिथे खिडकीचा वारा लागेल तुम्हाला."

"खिडकी बंद आहे, वदीअ."

"उघडली तर?"

बाई उठल्या. वदीअ त्यांच्या खुर्चीत बसला आणि रांगेवरचा धडा मनात जुळवू लागला. शिस्तीबद्दल काहीतरी.

प्रार्थना संपली. दाराजवळच्या माणसाने पान उघडलं आणि दार वाजलं. सिधोम आत आला. तो या घरी कधी आला नव्हता. त्याने वदीअकडे पाहिलं नाही, वदीअने त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि बाकीच्यांनी दोघांकडेही न पाहण्याची इतकी काळजी घेतली की खोलीत श्वास ऐकू येऊ लागला.

"उशिरा आलास," उम्म लबीब म्हणाली. "आमच्याकडे उशिरा येतो तो पहिला वाचतो. बस दाराशी. चला, सगळ्यांचा तुकडा एकेक पुढे."

वदीअने बोटाने खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या. फरक पडला नाही.

वाचन खुर्चीमागून खुर्ची जवळ येत गेलं. याकोबने भावाला धाडलेल्या शेळ्या झाल्या, उंट झाले. त्याच्या शेजाऱ्याने बायकापोरांची रांग लावली आणि शिस्तीबद्दल चार शब्द सांगितले, अगदी वदीअने ठरवलेले.

वदीअने वाचलं. धावणं वाचताना आवाज ठीक होता. मिठीपाशी तो थांबला, खाकरला, आणि रडणं एका दमात संपवून टाकलं.

"धडा," उम्म लबीब म्हणाली.

"या उताऱ्यातून काही लोकांनी शिकायला हवं की दुसऱ्याची वस्तू—"

"काही लोकांचा धडा काही लोक सांगतील. तू तुझा सांग."

सिधोमची बोटं पानाचा कोपरा दुमडत होती, उलगडत होती. रविवार तिथेच, त्या खोलीत बसला होता.

"माझे गुडघे गेलेत," वदीअ शेवटी पुस्तकाकडे बघत म्हणाला. "मला एसावसारखं धावता येणार नाही."

"मग?" म्हातारीने सोडलं नाही.

"मग काय. कुणी रविवारी रिक्षा पाठवली तर बसेन."

सिधोमने मान वर केली नाही. "किती वाजता पाठवू, दादा?"

"पाहुण्यांच्या आधी. दारात थोरल्याने उभं राहायचं असतं, एवढं तरी लक्षात ठेव."

"पुढचा तुकडा," उम्म लबीब म्हणाली. तहानीबाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

रविवारी दुपारी तीनचाकी आली. वदीअ इस्त्रीचा पायघोळ गलाबिया घालून, काकवीची मोठी बरणी मांडीवर घेऊन आत बसला. गल्ली अरुंद होती. गाडी वळवण्यातच सगळा वेळ गेला.

दक्षिणेस सिधोमचं घर आहे. मधली भिंत एकच.