हात लावल्यावर कळतं

मालाडच्या आमच्या घरात 'वीज' फक्त आभाळात चमकायची. घरातली ती 'लाईट'. लाईट जायची, लाईट यायची, लाईटचं बिल यायचं, नुसता पंखा बंद पडला तरी आई म्हणणार, "लाईट गेली वाटतं." बाबा वायरमन, त्यांच्या तोंडी 'करंट'. 'विद्युत' मी पहिल्यांदा वाचलं ते कवटी काढलेल्या धोक्याच्या पाटीवर.

बाबांच्या कामाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. पण लायसन्स नाही. तरुणपणी तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "इलेक्ट्रिसिटी म्हणजे काय?" बाबा म्हणाले, "साहेब, हात लावल्यावर कळतं." सगळे हसले, बाबा नापास. पुन्हा बसलेच नाहीत. तेव्हापासून राबायचं बाबांनी आणि वायरिंगच्या रिपोर्टवर सही लायसन्सवाल्या भलत्याच माणसाची. मला त्याचा भयंकर राग यायचा.

म्हणून मी डिप्लोमा केला आणि लायसन्सच्या परीक्षेला बसले. तोंडीला नेमका तोच प्रश्न! मी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. साहेब खवचट. म्हणाले, "पाठ आहे. शब्द आला कुठून ते सांग."

तेही मी वाचून गेले होते. "ग्रीक लोक अंबरला, म्हणजे त्या पिवळ्या राळेच्या खड्याला, इलेक्ट्रॉन म्हणायचे. तो घासला की काडीकचरा ओढतो. आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात, गवत ओढणारा मणी."

"बरं. टेस्टरने लाईन बंद दाखवली, मग तार धरशील?"

"लगेच नाही. आधी उलटा हात टेकवून बघेन. टेस्टर कधीकधी फसवतो. करंट असला तर मूठ आवळते, सरळ हाताने धरलेली तार मग सुटत नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, सर. माझ्या बाबांनी शिकवलंय. तीस वर्षं वायरमन आहेत."

या वेळी कुणी हसलं नाही. मी पास झाले.

लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात बाबांनी बोरिवलीच्या एका सोसायटीचं वायरिंग पुरं केलं. सेक्रेटरी म्हणाले, "काका, सही कोणाची आणणार?"

"आणायची कशाला? ही काय, माझी पोरगी," म्हणत बाबांनी मला पुढे ढकललं.

मी ऐटीत सही केली. बाबांनी चष्मा लावून कागद जवळ धरला. त्यांच्या कामाखाली पहिल्यांदाच आमचं आडनाव होतं. सेक्रेटरींनी कागदासाठी हात पुढे केला, तर बाबा म्हणाले, "थांबा हो जरा, वाचतोय."